‘तिसरी पाळी’ची नऊ गाणी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या एका धान गिरणीत रॉक गाण्यांची कंपनी होती, असं मी सांगितलं की समोरचा माणूस माझ्या पांढऱ्या मिश्यांकडं बघतो आणि विचारतो, "काय जी, थट्टा करून राह्यले काय?" थट्टा नाही. मी त्या गिरणीत मुनीम होतो, जवळजवळ जन्मभर. आणि गिरणी बंद असे तेव्हा तिच्याच गोदामात मी कंपनी चालवत होतो, सोळा वर्षं. संपादकांनी फोनवर बजावलंय, दिवाळी अंक आहे, जरा गमतीजमतीचं लिहा. गमतीचं जेवढं आहे तेवढं आधी लिहून टाकतो. पुढचं वाचून कुणाचा फराळ कडू झाला तर माझा इलाज नाही.

कंपनीचं नाव ‘झुडपी’. आमच्याकडं सातबाऱ्यावर झुडपी जंगल अशी नोंद असते. म्हणजे धड जंगल नाही, धड शेत नाही. नांगरता येत नाही, आणि झाड म्हणावं तर कमरेच्या वर जात नाही. आमची गाणी तशीच होती. इथल्या नाटकवाल्यांना ती गाणी वाटत नसत आणि पुण्या-मुंबईच्या रॉकवाल्यांना आमची बोली कळत नसे. अशा कंपनीला लेबल म्हणतात. लेबलाचं काम सांगायला सोपं आहे. वाजवणारे शोधायचे, त्यांचं वाजवणं नीट टिपायचं, टिपलेले सगळे आवाज कमीजास्त करून एकमेकांत बसवायचे, याला मिक्सिंग म्हणतात, मग सीडी काढायची आणि ती घेऊन लोकांच्या दारात जायचं. यातलं शेवटचं सोडून मला सगळं येत होतं.

लोक विचारतात, गोदामातच का? तर टिनाच्या रिकाम्या गोदामात टाळी वाजवून बघा. ती चार भिंतींवर आपटून चार वेळा परत येते. तिथं ड्रम वाजवला तर डोकं उठेल. पण त्याच गोदामात भिंतीला लागून धानाच्या पोत्यांच्या थप्प्या लावा, छताला भिडतील अशा, आणि मधे खोलीएवढी जागा सोडा. आता टाळी वाजवा. वाजली की संपली. बारदाना आणि धान सगळा आवाज खाऊन टाकतात. शहरात लोक यासाठी भिंतीला महागडा स्पंज चिकटवतात. आमच्याकडं भरडायला आलेलं सरकारचं धान होतं.

अडचण एकच. पोती भरलेली असतात तेव्हा गिरणी चालू असते, आणि गिरणीच्या घरघरीत आपलं आपल्याला ऐकू येत नाही. गिरणी थांबते तेव्हा पोती संपलेली असतात. मधे एक फट सापडायची. धान येऊन पडलेलं, आणि ते भरडायचा हुकूम वरून आलेला नाही. कधी महिना, कधी चार महिने. सरकार जितकं झोपेल तितकी आमची गाणी. त्यातही पाऊस टिनावर पडायला लागला की वाद्यं खाली ठेवून चहा. शेठ म्हातारे होते, भले होते. पहिल्या दिवशी गिटार ऐकून म्हणाले, "वाजवा बाप्पा, निदान उंदीर तरी पळतीन." उंदीर काही पळाले नाहीत.

गिऱ्हाइकांचं म्हणाल तर एक कायमचं होतं. पाथरीकडचे एक भाऊ दरसाल धान भरायला लागलं की यायचे.

"मुनीमभाऊ, त्या चकत्या हायेत का शिल्लक?"

पहिल्यांदा मी हरखलो. म्हटलं, "हायेत ना! कोणत्या बँडच्या देऊ?"

"कोणत्याबी द्या जी. चमकल्या पायजेत. वावरात टांगतो, पोपट येत नाई."

मी दिल्या. नंतर त्या बाजूनं एसटीनं जाताना बांधावर आमच्या पोरांची मेहनत दोऱ्याला लटकून उन्हात गरगर फिरताना दिसायची. कुणाच्या तरी कामी आली, असं म्हणायचं आणि खिडकीतून तोंड आत घ्यायचं.

आणि राजुऱ्याचा एक बँड. चार पोट्टे, फार गुणी. त्यांची गाणी टिपून झाली, मिक्सिंग व्हायचं होतं. त्यातल्या एकानं कच्ची कॉपी मोबाइलात नेली. म्हटलं, ऐकू द्या, त्याचाच आवाज आहे. आठ दिवसांत ती राजुऱ्याच्या प्रत्येक पानठेल्यावर वाजत होती, ड्रम पुढं आणि गाणारा विहिरीत. मी सीडी घेऊन गेलो तर लोक म्हणाले, "हे तं आयकलं जी आम्ही, काही खास नाई." पोट्ट्यांनी बँड मोडला. त्या दिवसापासून मी नियम केला: मिक्स होईपर्यंत झुडपीचं एकही गाणं गोदामाबाहेर जाणार नाही. मोबाइल दारातच काढून ठेवायचा. गाणाऱ्यालाही कॉपी नाही. फार ताठा होता मला त्या नियमाचा.

झालं गमतीचं सांगून.

अंकुश घुग्घुसचा. खुल्या खाणीत डंपर चालवायचा. सुटीच्या दिवशी मोटारसायकलवर गिटार बांधून तो गिरणीच्या फाटकात उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही गाणे काढता म्हणते. माह्ये आयका." मी म्हटलं, आधी चहा घे. तो म्हणाला, आधी आयका. गिरणीच्या वजनकाट्यावर बसून त्यानं एक गाणं म्हटलं. ‘धूळ खाऊन राह्यलो, धूळ गाऊन राह्यलो.’ मी अनेक गाणारे ऐकले आहेत, चांगले ऐकले आहेत. पण त्या दिवशी हमालांनी पोती खाली ठेवली. काम थांबवून हमाल उभा राहिला, असं मी जन्मात दुसऱ्यांदा पाहिलं नाही. एवढा आवाज त्या किडमिड्या अंगात कुठी मावत होता, देव जाणे.

ड्रमला मंगरू होता. एटापल्लीच्या आश्रमशाळेत शिक्षक, अंकुशचा जुना दोस्त. पितळी झांजा चादरीत गुंडाळून एसटीनं यायचा आणि त्या मांडीवर घेऊन बसायचा, लेकरू घ्यावं तसा. बेस गिटार मीच धरली, कारण दुसरं कुणी सापडलं नाही. बँडचं नाव अंकुशनं ठेवलं, ‘तिसरी पाळी’.

तिघं पहिल्यांदा एकत्र बसलो त्या दिवशी चहा आला, सोबत आलूबोंडे आले, आणि मी पाहिलं की अंकुश बोंडा बारीक कुस्करून, एकेक कण ओठांतून आत ढकलत होता. विचारलं तर हसला. हसतानाही दात नीट दिसले नाहीत. मंगरूच म्हणाला, "त्याचं तोंड उघडत नाई जी. खर्रा."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून खर्रा करतात. चंद्रपूर-गडचिरोलीत भेटायला आलेल्या माणसाला पाण्याआधी खर्रा विचारतात. तो खाऊन खाऊन गालाच्या आतली चामडी ताठरते, आवळत जाते. डॉक्टर तीन बोटं उभी दातांत घालायला सांगतात. धडधाकट माणसाची जातात. अंकुशची दोन जात होती, आणि गेल्या दिवाळीला अडीच जात होती असं त्याची बायको शालू सांगायची. बत्तीस वर्षांचा माणूस.

"सोड ना बे आता ते," मी म्हटलं.

"सोडतो जी. रेकार्ड निघू द्या."

"रेकार्ड निघेपर्यंत तोंड राहन काय?"

"म्हणून तं तुमच्याकडं आलो," अंकुश म्हणाला.

तेव्हापासून आमची शर्यत लागली. त्या पावसाळ्यात गोदाम छतापर्यंत भरलेलं होतं आणि हुकूम आलेला नव्हता. पाऊस थांबला की टिपायचं, आला की थांबायचं. अंकुश पाळी संपवून थेट यायचा, भुवयांवर कोळसा तसाच. गाण्यांत लांब ‘आ’ होते, आणि ‘आ’ साठीच तोंड लागतं. पहिल्या तीन गाण्यांत ते आले. चौथ्यात ‘जा गा जा’ असं ओढायचं होतं. तो तीनदा गायला, तीनदा आवाज गालात अडकला. मग जरा वेळ पोत्याला टेकून बसला आणि म्हणाला, "‘ये गा ये’ करतो." अर्थ पार उलटा झाला. बापाला घरातून घालवण्याचं गाणं होतं, ते बापाला बोलावण्याचं झालं. मंगरू ड्रममागं बसून डोळे पुसत होता. ते गाणं नऊंत सगळ्यात चांगलं निघालं. नववं गाणं झालं तेव्हा दीड बोट जात होतं, आणि खर्रा खरंच सुटला होता. कसा सोडला त्याचं त्याला माहीत.

नऊ गाणी टिपून झाली. मिक्सिंग माझं एकट्याचं काम, त्याला घाई नव्हती. आधी नागपूरला ऑपरेशन करायचं ठरलं. आतल्या ताठरलेल्या पट्ट्या कापायच्या, तोंड मोकळं करायचं. शालूनं विचारलं, "भाऊ, तुम्ही चालान काय जी संग? मले तिथलं काई समजत नाई." मी हो म्हटलं.

निघायच्या आदल्या दिवशी शेठांचा फोन आला. धानाला सोंडे किडे लागले होते, गोळ्या टाकून जा. हे माझं नेहमीचं काम. या गोळ्यांना हवा लागली की विषारी वायू सुटतो. गोदाम सगळीकडून बंद करायचं, फटींना कागद आणि चिकटपट्टी, दारावर कवटीचं चित्र, आणि आठ-दहा दिवस कुणी आत पाय ठेवायचा नाही. हमालांना उभं करून डब्यावरचा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचो: वास आला तर पळा, हात धुवा, लेकरांना दूर ठेवा. वीस वर्षांत माझ्या गोदामात कुणाला साधी मळमळ झाली नाही, याचा मला अभिमान होता.

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. त्याच महिन्यात शेजारच्या गिरणीतली मोटार फोडून चोरांनी तांब्याची तार नेली होती. मी वाद्यं आणि यंत्रं ज्या कोठडीत ठेवायचो तिला नुसतं कुलूप, आणि मी दहा दिवस नागपुरात. नऊ गाणी दोन हार्ड डिस्कवर होती. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून दोन, एवढा शहाणा मी होतोच. मला वाटलं, सगळ्या सिंदेवाहीत सगळ्यात सुरक्षित जागा कोणती? जिथं विष सोडलंय ती. त्या दारापुढं चोर काय, कुत्रंही थांबत नाही. मी दोन्ही डिस्क पत्र्याच्या पेटीत घातल्या, कॉम्प्युटर, माइक, गिटारी, मंगरूच्या झांजा सगळं थप्प्यांच्या मधे नेऊन ठेवलं, धूळ बसू नये म्हणून वर ताडपत्री टाकली. गोळ्या मांडल्या. दार लिंपलं. वायू किड्यांना मारतो, लोखंडाला काय करणार? चिकटपट्टीवर अंगठा फिरवत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

नागपुरात ऑपरेशन चांगलं झालं. तोंडात बोळे घातलेले, तरी अंकुश हातानं ड्रम वाजवून विचारायचा, मिक्स कधी? मी हाताच्या खुणेनं सांगायचो, गेलो की लगेच.

दहाव्या दिवशी मी गोदाम उघडलं, दिवसभर वारा खेळू दिला. आत गेलो तर कोनाड्यातली पितळेची लक्ष्मी नेहमीसारखी काळी पडली होती. दर खेपेसारखं मला वाटलं, दिव्याची काजळी. चिंचेचं पाणी लावून घासायचं ठरवून पुढं गेलो. ताडपत्री काढली. झांजा काळ्या. गिटारीच्या तारांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी. माइकच्या पिना काळ्या. कॉम्प्युटरचं बटण दाबलं, काही नाही. पेटी उघडली, पहिली डिस्क कोठडीतल्या जुन्या कॉम्प्युटरला लावली. ती मुकी. दुसरी लावली. तीही मुकी. मी तारा बदलल्या, पुन्हा लावल्या, वेड्यासारखा संध्याकाळपर्यंत तेच करत बसलो.

नागपूरला डिस्क दुरुस्त करणारा एक माणूस आहे. त्यानं दोन्ही उघडल्या, भिंग लावून पाहिल्या. "काय ॲसिडमधे ठेवल्या होत्या का?" मी सांगितलं. त्यानं भिंग खाली ठेवलं आणि म्हणाला, तो वायू तांबं खातो, चांदी खातो. आतलं सगळं जोडकामच खाल्लंय. मी दुसऱ्या शहरात पाठवल्या, तिथूनही तशाच परत आल्या. घरी येऊन गोळ्यांच्या डब्यावरचा कागद उलगडला. खाली, बारीक अक्षरात, शेवटून दुसरी ओळ. तांबं, पितळ आणि विजेची उपकरणं काढून ठेवावीत. वीस वर्षं तो कागद मी लोकांना वाचून दाखवत होतो. माणसांच्या धोक्यापाशी यायचो आणि घडी घालायचो.

मोबाइलात कुणाजवळ तुकडाही नव्हता. माझा नियम होता ना.

आता कबूल करायचं तर मी दोन महिने खोटं बोललो. ऑपरेशननंतर तोंड परत आवळू नये म्हणून व्यायाम असतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर काही दिवसांनी एक वाढवायची. जखम ताणली जाते. मोठी माणसं रडतात. अंकुशचा फोन यायचा, "झालं काय जी?" मी म्हणायचो, "होऊन राह्यलं." मला वाटायचं, हा रेकॉर्डच्या आशेवर काड्या लावतोय, तोंड उघडू दे, मग सांगू. आणि खरं सांगायचं तर भीती वाटायची, दुसरं काही नाही. मंगरूला मी सांगितलं होतं. तो काळ्या झांजा घेऊन गेला आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

शेवटी शालूचाच फोन आला. "भाऊ, ते काड्या लावतेत तं डोळ्यातून धार लागते. मले पाह्यवत नाई. म्हणतेत, रेकार्ड निघन त्या दिवशी घुग्घुसच्या चौकात गाईन. कधी निघते जी, एक डाव सांगून द्या ना."

मी घुग्घुसला गेलो आणि सांगितलं. अंकुश खाटेवर बसून ऐकत होता. दातांतल्या काड्या त्यानं काढून हातात घेतल्या.

"म्हणजे काईच नाई?"

"काईच नाई."

"‘ये गा ये’ बी नाई?"

"नाई, राजा."

शालू भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. अंकुश मला एक शब्द वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. वर म्हणाला, "अडीच बोटं चालली आता. पुन्हा गाऊ ना, कायले रडता?" तेव्हा मला कळलं की मी रडत होतो.

पण भरडाईचा हुकूम आला होता. धान गेलं होतं, गोदाम उघडं पडलं होतं. नवं धान येऊन गोदाम भरायला तीन-चार महिने. अंकुश म्हणाला, थांबायचं नाही. लग्नाच्या बँडवाल्याकडून मी माइक आणला, भिंतींना सतरंज्या आणि रिकामा बारदाना टांगला. मंगरू आला, त्यानं ड्रम लावले. अंकुश उभा राहिला. तोंड उघडलं, खरंच उघडलं, पूर्वीपेक्षा मोठं. आवाज आला. पण कापलेल्या जागा आतून घट्ट झाल्या होत्या, गाल हलत नव्हता, शब्द घसरत होते. तो नुसता जोर होता, बाकी काही नव्हतं. आणि टिनाचं छत तोच आवाज त्याला परत परत ऐकवत होतं. तिसऱ्या गाण्यात तो मधेच थांबला. कानावरचा हेडफोन काढून ड्रमवर ठेवला.

"राहू द्या, मुनीमभाऊ. झाले होते ते झाले होते."

त्यानंतर झुडपीनं काही काढलं नाही. लोकांना मी सांगतो, सीडीचा जमाना गेला, नेटवर सगळं फुकट झालं, छोट्या कंपन्या कशा टिकणार? सगळे मान हलवतात. वृत्तपत्रवाले येऊन गेले, त्यांनाही तेच सांगितलं. अंकुशचं तोंड आज एक बोटही उघडत नाही. शालू त्याला पातळ पेज पाजते. मध्यंतरी तिनं विचारलं होतं, भाऊ, धाकटी विचारते बाबा कसे गायचे, काय सांगू? मी बेसच्या दोन तारा वाजवून दाखवल्या आणि मूर्खासारखा बसून राहिलो.

एक गोष्ट मात्र मी शालूलाही सांगितलेली नाही. त्या दिवशी हेडफोन काढून अंकुश बाहेर गेला. मला वाटलं, गाडीकडं. मी फाटकापर्यंत मागं गेलो. तो रस्ता ओलांडून समोरच्या पानठेल्यावर उभा राहिला. चार महिने झाले होते खर्रा सोडून. ठेलेवाल्यानं पन्नी घेतली, घोटायला लागला. ते काही पटकन होणारं काम नव्हे, दोन-तीन मिनिटं जातात. अंकुशनं वळून माझ्याकडं पाहिलं आणि तसाच पाहत राहिला. मी फाटकाला धरून उभा होतो. मी हाक मारली असती तर तो आला असता, एवढं मी त्याला ओळखत होतो. मी मारली नाही.